डब्यातला सा

"उतरला," बिंबाआत्या म्हणाली.

मी टेबलावरच्या सर्किटकडे पाहिलं. मला तर काही उतरल्यासारखं वाटत नव्हतं. स्पीकरमधून पंचम येत होता, त्याच्यामागून दोनदा सा, मग खर्जातला सा, की पुन्हा पंचम. कुणीतरी पाळण्याची दोरी ओढत बसावं तसं ते संथ चाललं होतं.

"किती उतरला?" मी विचारलं.

"ते तुझ्या मीटरला विचार. मला विचारशील तर सकाळी तो घरात होता, आता उंबरठ्यावर जाऊन बसलाय."

माझा विश्वास बसेना, म्हणून तिने पेटी पुढे ओढायला सांगितली. पेटी वाजवायला आम्हां दोघींची मिळून एक बाई व्हायची. भाता मी मारायचा आणि स्वर तिने डाव्या हाताने दाबायचा. तिने काळी चार दाबली. पेटीचा सा आणि माझ्या बोर्डाचा सा एकमेकांना लागून असे कुरकुरले, की माझ्यासारख्या दगडालाही ते कळलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," आत्या म्हणाली आणि खुर्चीत मागे टेकून डोळे मिटून बसली.

खंडेनवमीची दुपार होती. गाव मिरज. सतारी आणि तानपुरे जिथे भोपळ्यापासून घडतात, त्या गावात राहून मी तारा नसलेला तानपुरा करायला निघाले होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला होता, नोकरी लागायची होती आणि आत्याजवळ कुणीतरी राहायला हवं होतं, म्हणून वडिलांनी मला तिच्याकडे धाडलं होतं. आदल्या वर्षी तिचं उजवं अंग गेलं. पाय बराचसा परत आला, बोलणं आलं, गळा तर गेलाच नव्हता. हात मात्र मांडीवर पडून राहिला.

सगळ्या गावाला शिकवलेली बाई ती. पण स्वतः गाताना तिने आयुष्यात दुसऱ्याला तानपुरा छेडू दिला नव्हता. आजारपणानंतर तिच्या विद्यार्थिनींनी मागे बसून पाहिलं. कुणी घाई करायची, कुणी भीत भीत छेडायची. आत्या 'सा' लावायची, थांबायची आणि म्हणायची, "राहू दे गं. माझ्या ताटात दुसऱ्याने कालवलेला भात नको." असं करता करता तिचं गाणं थांबलं. जोडीचे दोन्ही तानपुरे गवसणीत शिरले आणि कोपऱ्यात उभे राहिले.

दसऱ्याला तिच्याकडे सगळ्या विद्यार्थिनी जमत. त्या वर्षी तिने इचलकरंजीच्या सुनेत्रा मगदूमला निरोप पाठवला होता, की येताना गाडी घेऊन ये, तानपुरे तुझे. सुनेत्रा तिची सगळ्यांत लाडकी शिष्या. मला हे कळलं तेव्हा माझं सर्किट नुकतंच बोलायला लागलं होतं. मी पुष्कळ विनवण्या केल्या. शेवटी आत्या म्हणाली, "हे बघ उल्के, त्या डब्याने माझा सा दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत धरून दाखवला, तर गाईन. नाही धरला, तर तानपुरे गाडीत आणि माझं गाणंही गाडीत. पुन्हा हा विषय काढायचा नाही."

त्या बोर्डाला ती डबाच म्हणायची, आणि त्याला अजून डबासुद्धा नव्हता. तांब्याच्या पत्र्यावर शेजारच्या शकूच्या नेलपॉलिशने रेघा ओढून, न्हाणीघरात प्लास्टिकच्या घमेल्यात तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये बुडवून तो मी तयार केला होता. न्हाणीघराच्या फरशीवरचे पिवळे डाग मी ते घर सोडेपर्यंत गेले नाहीत. बोर्डावर एक मुख्य आयसी होता. तो मूळ स्वर काढायचा आणि बाकीचे त्याच्यातून हिशेबाने सा नि पंचम वाटून घ्यायचे. त्यामुळे बिघडला तर सगळा एकत्रच बिघडायचा. सा उतरला की पंचमही तेवढाच उतरायचा, आणि माझ्यासारखीला वाटायचं, सगळं कसं छान चाललंय. लहानपणी आत्याने मला गाणं शिकवायचा प्रयत्न केला होता. "तुझ्या गळ्यात कावळा आहे आणि कानात त्याचं घरटं," असं सांगून तिने तो सोडून दिला.

सगळं नवरात्र बोर्ड शहाण्यासारखा वागला. मी सकाळी चालू करायची, आत्या खुर्चीतून ऐकायची आणि काही न बोलता पेपर वाचायची. तिच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नसे. आणि ऐन नवमीला त्याने मान टाकली.

मी कामाला लागले. पहिला संशय विजेवर. दुपारी गिरण्या चालू झाल्या की आमच्या गल्लीतले दिवे मंद व्हायचे. मी शकूच्या भावाच्या स्कूटरची बॅटरी आणून जोडली. सा तसाच उतरत राहिला. मग उन्हाचा संशय आला, कारण ऑक्टोबरची काहिली होती. मी बोर्डाला पंख्याने वारा घातला, अगदी आजारी माणसाला घालतात तसा. आत्याने एक डोळा उघडून ते पाहिलं आणि मिटून घेतला. मग वाटलं, एखादा सोल्डरचा डाग कच्चा राहिला असेल. सोल्डरिंग आयर्न तापवून मी एकेक डाग पुन्हा दिला. राळेचा धूर खोलीभर झाला. त्या धुरातून उन्हाच्या तिरिपी दिसायला लागल्या आणि मधूनच पंचम, सा, सा, खर्ज. मला वेळेचं भान राहीना.

"आता?"

"आहे तिथेच आहे."

"आता बघ."

"आता अंगणात गेला."

"पण सकाळपर्यंत ठीक होता ना? मी बाजारात गेले तेव्हा?"

आत्याने पदर सावरला. "होता," ती म्हणाली. "चहा ठेव."

सकाळी मी बाजारात गेले ती जरा रागावूनच. खंडेनवमीला आमच्याकडे वाद्यांची पूजा असायची. उजवा हात गेल्यापासून आत्याने स्वतः देवाला फूल वाहिलं नव्हतं. डाव्या हाताने देवाचं करायचं नाही, हे तिच्या आईने तिच्या हाडात मुरवलं होतं. म्हणून ती पाटावर बसून सांगत होती आणि मी करत होते. तानपुऱ्यांची गवसणी काढून त्यांना हळद-कुंकू, अक्षता, झेंडू. मग पेटी, तबला. रांग छान दिसत होती. मी म्हटलं, "आत्या, माझा बोर्ड ठेवू शेवटी?"

"वाद्यांच्या पंगतीत डबा?" ती म्हणाली. "राहू दे तिकडे तुझ्या टेबलावर."

ती हसत म्हणाली होती, पण मला लागलं. मी पिशवी घेतली आणि आपट्याची पानं, स्पिरिटची बाटली असं काय काय आणायला बाहेर पडले, ते उन्हं चढल्यावरच परतले. आले तेव्हा आत्या खुर्चीत होती, बोर्ड टेबलावर होता आणि सगळं जिथल्या तिथे होतं.

दसरा उजाडला. मी उठल्याबरोबर बोर्ड चालू केला. सा आदल्या दिवसापेक्षाही खाली. मला रडू आलं आणि ते लपवायला मी दाराला तोरण बांधत बसले. उन्हं वर आली तसा तो हळूहळू चढायला लागला. जेवायच्या वेळी आत्या म्हणाली, "आलाय बघ घरात." मी काहीच केलं नव्हतं. आपण काही न करता दुरुस्त झालेल्या यंत्राइतकी भीती दुसऱ्या कशाची वाटत नाही.

दसऱ्याचं श्रीखंड आणि रात्रभराची काळजी. जेवण झाल्यावर मी टेबलाजवळच चटई टाकली, जरा पाठ टेकावी म्हणून. बोर्ड चालूच होता. पंचम, सा, सा, खर्ज. हळूहळू खोली हलायला लागली, मी कुठल्यातरी संथ नदीत उताणी पडलेय आणि पाणी मला नेतंय असं वाटायला लागलं. पाण्याला आवाज होता. मग त्या आवाजातून दुसरा आवाज निघाला, बाईचा, अगदी हळू, ओठांच्या आतल्या आत. शब्द नव्हते. आकार होता नुसता. तो त्या पाण्याबरोबर वळत होता, खाली जात होता, पुन्हा वर येत होता. लहानपणी मी सुट्टीत इथे झोपायची तेव्हा पहाटे असाच आवाज यायचा, आणि मला वाटायचं की मिरजेत सूर्य असाच उगवत असेल. झोपेतच मला बरं वाटलं. सगळं ठीक झालंय असं वाटलं.

जाग आली तेव्हा आत्या खुर्चीत डोळे मिटून, तोंड मिटून बसली होती.

"तू गात होतीस?"

"श्रीखंड जास्त झालंय तुला," ती म्हणाली. "आणि उठ. तो पुन्हा उतरला."

बाहेर आभाळ भरून आलं होतं. पाऊस पडणार नव्हता, पण हवा दमट झाली होती, दाराची कडी हाताला ओलसर लागत होती. मी चटईवर बसून राहिले. सकाळी दव, तेव्हा सा खाली. दुपारी कोरडं ऊन, तेव्हा सा जागेवर. आता आभाळ, तर पुन्हा खाली. म्हणजे वीज नाही, ऊन नाही, डागही नाहीत. बोर्डावर काहीतरी होतं जे हवेतली ओल प्यायचं आणि मग विजेच्या दोन वाटांच्या मधून चोरवाट काढायचं. वरून तर मी सगळा बोर्ड स्पिरिटने पुसला होता. उरली होती ती मुख्य आयसी ज्यात खोचला होता त्या सॉकेटखालची फट.

"आत्या, हे सॉकेट उपटावं लागेल."

"मग उपट की."

"माझ्याकडे दुसरं नाही. आज दुकानं बंद. उपटताना हे तुटलं तर आयसी थेट बोर्डावरच डाग द्यावा लागेल, आणि त्यात तो जळाला तर संपलं."

आत्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या तानपुऱ्यांकडे. "नाहीतरी काय होणारे?" ती म्हणाली.

सॉकेट तुटलंच. तुकड्या-तुकड्यांनी निघालं. खाली तांबूस थर होता, आणि माझी पहिली खात्री अशी की फेरिक क्लोराइड नीट धुतलं गेलं नव्हतं, म्हणजे चूक माझीच. मी चिमटा घेऊन तो खरवडायला गेले. चिमट्याला काहीतरी टणक लागलं. पांढरं, निमुळतं. उजेडात धरलं तर तांदळाचा दाणा. त्याला कुंकू लागलं होतं.

शितावरून भाताची परीक्षा करतात. मला तर न शिजलेल्या एका दाण्यावरून सगळं समजलं, आणि समजल्यावर काय करायचं ते समजेना. मी पाठमोरीच बसून राहिले.

"काय निघालं?" आत्याने मागून विचारलं.

"काही नाही. कचरा."

स्पीकर बंद होता. दोन दिवसांत पहिल्यांदाच खोली इतकी शांत होती.

"कचरा नको म्हणूस," ती म्हणाली.

मी वळले. ती माझ्याकडे नाही, स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होती.

"तू रागावून गेलीस. मी इथे बसले. सगळी वाद्यं कशी नटून बसली होती आणि हा तिकडे एकटा. मला काही बरं वाटेना. म्हटलं, आठवडाभर बिचारा न थकता सा देतोय. एवढं तर तबल्यालाही जमत नाही."

"पण तू म्हणालीस, वाद्यांच्या पंगतीत..."

"म्हणाले ना. मग काय, शब्द परत घेऊ तुझ्यासमोर?" ती जराशी हसली. "डाव्या हाताने केली ह्याची पूजा. देवाला डावा हात चालत नाही. म्हटलं, ह्याला काय कळतंय डावं-उजवं, ह्याच्या दोन्ही बाजूला सारख्याच तारा. पण हात थरथरला. कुंकवाची वाटी कलंडली आणि पळीतलं पाणी वर सांडलं. घाबरले गं मी. पदराने पुसून घेतलं सगळं. वाटलं, निघालं."

"मग काल दुपारपासून सांगितलं का नाहीस?"

"मला काय ठाऊक त्यानेच बिघडलंय? वीज, ऊन, काय काय तूच सांगत होतीस. थोडी शंका आली मला. पण मग वाटलं, तू हसशील."

मी हसले नाही. काल भर उन्हातही सा का उतरला होता ते आता कळलं, तेव्हा सॉकेटखालचं पाणी ताजं होतं. मला तिचा हात धरावासा वाटला, पण आमच्या घरात असं कुणी कुणाचा हात धरत नसे. मी स्पिरिटमध्ये कापूस बुडवला.

"दुपारी तू खरंच गात होतीस ना?"

"सा लावून बघत होते नुसता."

"पण तो तर उतरत होता तेव्हा."

"हो ना. तो उतरला की मीही त्याच्याबरोबर उतरायची. पुन्हा चढला की चढायची." तिने डोळे मिटून घेतले. "तानपुऱ्याने मला असं फिरायला कधी नेलं नव्हतं."

मी बोर्ड कापसाने पुसला, पुन्हा पुसला, पंख्याने वारा घालून वाळवला. आयसी थेट बोर्डावर ठेवला आणि एकेक पाय डाग देऊ लागले. एक पाय, मग फुंकर, मग थांबायचं. उजवं मनगट डाव्या हाताने धरून ठेवलं. शेवटचा डाग झाला तेव्हा दारात गाडी थांबल्याचा आवाज आला.

सुनेत्रा आली ती दोन्ही तानपुऱ्यांसाठी मखमलीची नवी गवसणी शिवूनच. मोठी गोड बाई, गळ्यात काळी पोत, बोलणं अस्सल इचलकरंजीचं. तिच्या मागोमाग इतरजणी आल्या. सोनं म्हणून आपट्याची पानं देऊन-घेऊन झाली, पाया पडून झालं. सुनेत्रा हळूच माझ्याजवळ आली.

"उल्का, मी काय म्हंतो, खरंच न्यायचेत काय गं तानपुरे? माझं मन होईना बघ."

"थांब जरा," मी म्हणाले आणि बटण दाबलं.

पंचम. सा. सा. खर्ज.

आत्याने मला खूण केली. मी पेटीचा भाता मारला, तिने काळी चार दाबली. दोन्ही स्वर एकमेकांत असे गेले की कुठला कुठला ते मला कळेना. पण मला काय कळणार, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आत्याने बोट उचललं नाही. ती ऐकत राहिली. बाहेर आभाळ तसंच होतं, हवा तशीच ओली. बायकांची कुजबुज थांबली. कितीतरी वेळाने तिने बोट काढून घेतलं.

"तो घरात आहे," ती म्हणाली.

मग तिने कुंकवाची वाटी मागितली. सुनेत्रा लगबगीने पुढे झाली. "बाई, द्या हिकडं, मी लावतो. तुमचा हात..."

"नको," आत्या म्हणाली. "माझं मी लावते."

तिने डाव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं. सगळ्या बघत होत्या. त्यांतल्या निम्म्याजणींनी तिच्याकडून हेच ऐकलं असणार, की पूजेला डावा हात पुढे करायचा नाही. बोट बोर्डाजवळ नेऊन ती थांबली आणि माझ्याकडे वळून तिने इतक्या अदबीने विचारलं, जितक्या अदबीने ती आयुष्यात कुणाशी बोलली नसेल, "उल्के, इथे लावलं तर त्याला चालेल ना?"

"तिथे नको, आत्या. स्पीकरच्या लाकडावर लाव."

तिने लावलं. टिळा वाकडा झाला. मग ती खुर्चीतून खाली सतरंजीवर बसली, मी आणि सुनेत्राने धरून बसवली तिला, आणि तिने सा लावला.

राग कुठला ते मला विचारू नका. पूरिया धनाश्री होता, असं सुनेत्राने नंतर सांगितलं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते, हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न घेऊन, काही झालंच तर धावायला. काही झालं नाही. पंचम, सा, सा, खर्ज, आणि त्याच्यावरून तो आवाज, दुपारी मी नदीत ऐकलेला. वर्षभर न वापरलेला म्हणून मधे मधे अडखळायचा, मग सापडायचा. सुनेत्रा तोंडाला पदर लावून रडत होती. मला रडू आलं नाही. मला झोप आली, इतकं शांत वाटलं.

आत्या थांबली तेव्हा दिवेलागण झाली होती. सुनेत्राने डोळे पुसले, नवी गवसणी घडी करून पिशवीत टाकली आणि उठली. "बरं झालं बघा, बाई. आता काय न्यायला नकोत."

"का नकोत?"

"म्हंजे, तुम्ही गाताय की आता."

"मी गातेय म्हणूनच ने," आत्या म्हणाली. "तारा न छेडता ठेवल्या की लाकूड मुकं होतं. काल मला ते घराबाहेर काढायचे होते, कारण बघवत नव्हते. आज तसं नाही. आज मी ते तुला देतेय. काढ ती गवसणी."

"पण मग तुम्हाला..."

"मला हा आहे." तिने मानेने टेबलाकडे दाखवलं. "जरा लाजाळू आहे. पाणी सोसत नाही."

खुंट्या सैल केल्या गेल्या. तानपुऱ्यांना मखमल चढली. एक सुनेत्राने उचलला, एक मी. दोन्ही तानपुरे मागच्या सीटवर माणसांसारखे टेकवून बसवले. आत्याच्या वडिलांच्या वेळचे होते ते. मला वाटलं, आत्या निदान दारापर्यंत येईल, एकदा भोपळ्यावरून हात फिरवेल. म्हणून मी गाडीची काच खाली करायला सांगितली आणि वळून पाहिलं.

दारात कुणी नव्हतं. आतून पंचम ऐकू आला, दोन सा, खर्ज, आणि मग तिचा आवाज. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती.